जनरल रंगारी

येवल्याच्या आमच्या शाळेत सातवीला इतिहासाचा तास दुसरा आणि इंग्रजीचा तिसरा होता. वेळापत्रक करणाऱ्याला यातून पुढे काय होणार, ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या तासाला जालियनवाला बाग झाली. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस, आत शिरायला अरुंद बोळ, झाडलेल्या गोळ्या १६५०, सरकारी हिशेबाने मेलेली माणसं ३७९. लोकांचा हिशेब याहून कितीतरी मोठा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मधल्या पाच मिनिटांत आम्ही मुलांनी डायर या नावाचा अर्थ लावून टाकला. डाय म्हणजे मरणे, तर डायर म्हणजे मारणारा. नाव अगदी शोभतं, यावर एकमत झालं.

तिसऱ्या तासाला कुणीतरी हे शहाणपण इंग्रजीच्या सरांना ऐकवलं. सर हसले. "अरे, ते डाय वेगळं. हे मध्ये वाय घालून लिहायचं. डाय म्हणजे कापड रंगवणे. डायर म्हणजे आपला रंगारी."

'आपला' हा शब्द त्यांनी सहज वापरला असणार. पण चाळीसेक मुलांनी एकदम मान वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, कारण तिथे मी बसलो होतो आणि हजेरीपटावर माझं आडनाव रंगारी होतं. घंटा होईपर्यंत मी जनरल झालो. दहावीपर्यंत जनरलच राहिलो.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते परसात चुलाण्यावर हंडा चढवून उभे होते. येवल्यात पैठणीचे माग, आणि त्या मागांना लागणारं रेशीम रंगवून देणं हे आमच्या घरचं काम. लडी काठीवर टांगायची, गरम रंगात सोडायची आणि काठी फिरवत राहायचं. एके ठिकाणी गडद आणि दुसरीकडे फिकट झाली की विणकर ती लडी परत आणून देणार, वर चार शब्द ऐकवणार. आजोबांच्या नखांत कुठला ना कुठला रंग असायचाच. एका वर्षी गुलाबी नखांनिशी पंढरपूरला जाऊन आले होते. मी म्हटलं, "आजोबा, तो डायर म्हणजे रंगारी." ते चिडतील, निदान दोन शिव्या हासडतील अशी माझी कल्पना. त्यांची काठी फिरायची थांबली नाही.

"इंग्रजांतही रंगारी असतात होय?" ते म्हणाले. "मग निळा कशानं करायचे?"

या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं तेव्हा आजोबा नव्हते. पण मिळालं ते असं होतं की त्यांनी हंडा खाली उतरवून ऐकलं असतं.

जुन्या इंग्लंडात निळा रंग वोड नावाच्या झुडपापासून करत. मोहरीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं झुडूप. त्याची पानं ठेचून लगदा करायचा, लगद्याचे गोळे वळून सुकवायचे, मग ते फोडून, भिजवून आठवडेच्या आठवडे कुजवायचे. त्या कुजण्याचा वास गावाबाहेरून कळे, त्यामुळे हे काम वस्तीजवळ कुणालाच नको असायचं. पुढे रंगाच्या पिंपातून कापड वर काढलं की ते पिवळट हिरवं दिसायचं आणि हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळं होत जायचं. आपल्या निळीचंही हेच. हेच असणार, कारण वोडच्या पानांतलं रंगद्रव्य आणि निळीच्या झाडातलं रंगद्रव्य एकच आहे. वोडमध्ये ते कमी निघतं, एवढाच फरक. लाल रंगाला आपल्या मंजिष्ठेची सख्खी चुलतबहीण म्हणावी अशी एक मुळी, पिवळ्याला वेल्ड नावाचं झाड. हिरवा हवा असेल तर निळ्यावर पिवळा चढवायचा. लिंकन शहराच्या हिरव्या कापडाची एवढी ख्याती होती, ते हिरवं याच दोन बुडवण्यांतून आलेलं.

आणि तुरटी. आपल्याकडे तुरटी म्हटली की न्हाव्याची पेटी नाहीतर गढूळ पाण्याचा हंडा आठवतो, पण रंगाऱ्याचं तिच्यावाचून पान हलत नाही. तुरटी धाग्यालाही धरते आणि रंगालाही. इंग्रजीत अशा पदार्थाला जो शब्द आहे त्याचा मूळ फ्रेंच अर्थ 'चावणारा'. आजोबा 'रंगानं धागा धरला' असं म्हणायचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशरच्या समुद्रकाठी तुरटीचे कारखाने निघाले ते १८७१ पर्यंत चालले. तिथल्या कड्यांचा दगड फोडून त्याचे ढीग महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे, मग त्यातून द्रव काढायचा, आणि शेवटी त्यात घालायला मानवी मूत्र लागायचं. आसपासच्या गावांतून भागेना म्हणून ते लंडनहून पिंपं भरभरून जहाजाने येई. राजदरबारातल्या झग्यांच्या लाल रंगाखाली लंडनच्या गल्लीबोळांतली ही वर्गणी होती.

पुढे समुद्रमार्गे आपली नीळ तिकडे पोचली आणि वोडवाल्यांचं धाबं दणाणलं. जर्मनीत तर तिला सैतानाचा रंग ठरवून बंदी घातली गेली. नीळ जिंकली, आणि मग तिच्यापायी बंगालची शेतं गेली, १८५९ साली तिथला शेतकरी उठला, १९१७ साली चंपारण झालं. चंपारणानंतर दोन वर्षांनी अमृतसर. पण तोवर निळीचाही निकाल लागला होता. १८९७ पासून एक जर्मन कंपनी कारखान्यात बनवलेली नीळ विकू लागली होती. आजोबा ज्या पुड्या फोडून हंड्यात टाकायचे त्यांना येवल्यात सरसकट 'जर्मन रंग' म्हणत, त्या मुंबईहून आलेल्या असल्या तरी.

पण मी आडनावाबद्दल बोलत होतो.

इंग्लंडात १०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी राज्य घेतलं, त्यानंतरची काही शतकं साध्या माणसाला एकच नाव असे. गावात चार जॉन झाले की लोक खूण लावत: टेकडीखालचा जॉन, लंगडा जॉन, रंगारी जॉन. ही खूण त्या माणसाबरोबर जायची, मुलाला दुसरी लागायची. कारकुनाला मात्र खूण कागदावर उतरवावी लागे, आणि तो आपल्या अकलेप्रमाणे ती लॅटिनमध्ये 'टिंक्टर' किंवा फ्रेंचमध्ये 'तँत्युरिए' अशी लिही. (गुडघा फुटल्यावर लावायचं टिंक्चर आयोडीन याच टिंक्टरच्या घरातलं.) लोकांच्या तोंडी असलेले शब्द वेगळे. दक्षिणेत, पश्चिमेत डायर. उत्तरेत आणि पूर्वेत, जिथे एकेकाळी समुद्रापलीकडचे नॉर्स लोक येऊन राहिले होते, तिथे त्यांच्या भाषेत रंगाला 'लिट' म्हणत, म्हणून रंगारी तो लिटस्टर. घासून घासून त्याचं झालं लिस्टर. आणि तिसरा शब्द डेक्स्टर. डाय या धातूला स्त्रीलिंगी 'स्टर' हा प्रत्यय लागून झालेला. म्हणजे मुळात रंगारीण. विणणारीची वेबस्टर, भट्टीवर पाव भाजणारीची बॅक्स्टर, बिअर गाळणारीची ब्रूस्टर, या सगळ्या त्याच पंगतीतल्या. पुढे पुरुषांनाही हेच शब्द लागले आणि मूळच्या बाया विस्मरणात गेल्या.

चौदाव्या शतकात ही फिरती नावं बऱ्याच ठिकाणी पक्की बसली. तुरटीचं काम तिथे कराच्या वसुलीने केलं असावं, असं मला वाटतं. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीन वेळा इंग्लंडात डोईपट्टी बसवली गेली आणि गावोगाव माणसं मोजून याद्या झाल्या. त्यांत धंदा एक आणि नाव दुसऱ्याच धंद्याचं, अशी माणसं दिसू लागतात. लोहार म्हणवणारा शिवणकाम करतोय. खूण चिकटून राहिली होती आणि माणूस तिच्याखालून निघून गेला होता.

याच डोईपट्टीने १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव पेटवला. नॉरफोकमध्ये त्याचा पुढारी होता जेफ्री लिटस्टर. नावाने लिटस्टर आणि धंद्यानेही रंगारीच, फेल्मिंगहॅम गावचा. थोडे दिवस त्याने स्वतःला 'रयतेचा राजा' म्हणवून घेतलं, पकडून आणलेल्या सरदारांना आपल्या ताटातलं अन्न आधी चाखायला लावलं. त्याला संपवलं नॉरिचच्या बिशपने. हा बिशप चिलखत चढवून लढणारा होता, नाव हेन्री डिस्पेन्सर. डिस्पेन्सर म्हणजे मोठ्या वाड्यातली कोठी सांभाळणारा. मराठीत सांगायचं तर कोठावळ्याने रंगाऱ्याला मारलं. त्या काळचा बखरकार लिहितो की बिशपने स्वतः त्याचा कबुलीजबाब ऐकला, आणि त्याला फासाकडे फरफटत नेताना डोकं दगडांवर आपटू नये म्हणून हाताने उचलून धरलं. नंतर शरीराचे चार तुकडे करायचे होतेच. या माणसाचं मला काय करावं ते कळत नाही. सातवीत मला कुणी याच्याबद्दल सांगितलं असतं, तर जनरलऐवजी निदान राजा तरी झालो असतो.

आमच्या घरातही डोईपट्टीचा कारकून येऊन गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, आडनाव काय? पणजोबांना प्रश्नच उमगला नाही. बाप काय करतो? रंगारी. मास्तरांनी लिहिलं, रंगारी. त्याआधीचं आडनाव कुठलं, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं एकमेकांकडे फारशी जात नाहीत. पुण्यात १८९२ साली ज्यांनी सार्वजनिक गणपती बसवला त्या भाऊसाहेब रंगारींचं मूळ आडनावही जावळे. ते स्वतः वैद्य, पण घरी शालू रंगवण्याचा धंदा, म्हणून लोकांच्या तोंडी रंगारी. पुण्यात नोकरीला असताना मला दर गणपतीत एकदा तरी विचारणा व्हायची, तुम्ही त्या रंगारींपैकी का? नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. मग पुढचा प्रश्न, जरा आवाज खाली आणून: म्हणजे तुम्ही नक्की कोण?

तो प्रश्न इंग्लंडात मला कुणी विचारला नाही. तिकडचे लोक फार थोर आहेत असं काही नाही, त्यांचे माणसं चाळून घेण्याचे मार्ग दुसरे आहेत. तुम्ही तोंड उघडून बोललात की उच्चारावरून ते तुमचा मोहल्ला, शाळा, बापाचा पगार सगळं ओळखतात. पण आडनाव तिथे बहिरं झालंय. डायर ऐकून रंग कुणालाच आठवत नाही. खुद्द आमच्या डायरचंच बघा. रेजिनाल्ड डायर जन्मला मरी या पंजाबातल्या थंड हवेच्या गावी, १८६४ साली. बाप एडवर्ड डायर. नाव रंगाऱ्याचं आणि धंदा बिअर गाळण्याचा, म्हणजे ब्रूस्टरणीचा. कसौलीला त्याने जी भट्टी लावली तिची पुढे डायर मीकिन कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतर ती मोहन नावाच्या गृहस्थांकडे आली, आणि तिथूनच १९५४ साली ओल्ड मंक रम बाहेर पडली. आमच्या बॅचच्या पहिल्या स्नेहसंमेलनाला तीच बाटली टेबलावर होती. मी हा वंशवृक्ष सांगून पाहिला. एकानेही ग्लास खाली ठेवला नाही.

(त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर हा निराळा माणूस, आणि आडनावही निराळं, आयरिश. त्याचा रंगाऱ्याशी काही संबंध नाही. उधमसिंगने १९४० साली लंडनमध्ये गोळ्या घातल्या त्या याला. डायर १९२७ मध्येच अंथरुणात मेला होता. शाळेत आम्ही दोघांना एकच समजायचो आणि एका गोळीत खुश व्हायचो.)

सगळे डायर सोडून मी लिस्टर आणि डेक्स्टरांच्या मागे लागलो त्यात थोडा स्वार्थ होता, तो मान्य करतो. आपल्या आडनावाचं भाषांतर करायचंच तर जरा बरं नातं जुळावं. क्रिकेटच्या बाबतीत ते जुळलंही. १९६१-६२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तो टेड डेक्स्टरच्या नेतृत्वाखाली. राजबिंडा फलंदाज, लोक त्याला लॉर्ड टेड म्हणत, आणि नाव मात्र रंगारणीचं. त्याच्या संघात एक बार्बर आणि स्मिथ, म्हणजे न्हावी आणि लोहारही होते. नाणेफेकीला समोर आपला नरी कॉन्ट्रॅक्टर, आणि कानपूरच्या कसोटीत यष्टीमागे पहिल्यांदाच उभा राहिलेला फारुख इंजिनिअर. पारशांनी आडनावं घेतली ती इंग्रजी राज्यात, ताजी ताजी, त्यामुळे त्यांच्यात कंत्राटदार आणि इंजिनिअर आले. इंग्रजांची सहाशे वर्षं जुनी. आपण ती मालिका २-० ने जिंकलो. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकायची ती पहिलीच वेळ.

लिस्टरांत थोर माणूस म्हणजे डॉक्टर जोसेफ लिस्टर. जखमा सडून माणसं मरत होती तेव्हा १८६५ पासून त्याने कार्बोलिक ॲसिड लावून जखमा धुवायला सुरुवात केली. चूळ भरायच्या लिस्टरिनच्या बाटलीला त्याचंच नाव आहे. आता हे कार्बोलिक निघतं दगडी कोळशाच्या डांबरापासून. आणि त्याच्या नऊच वर्षं आधी, १८५६ साली, विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये त्याच डांबराच्या अर्कापासून मलेरियाचं क्विनिन बनवायला गेला आणि भांड्याच्या तळाशी जांभळा रंग हाती आला. जगातल्या साऱ्या कारखानी रंगांची ती सुरुवात, आजोबांच्या पुड्यांचा तो मूळपुरुष. लिस्टरला हे आडनाव देणारा पूर्वज आणि माझे आजोबा यांच्यामध्ये असं एक काळं, चिकट पिंप ठेवलेलं आहे. आजोबांच्या बोटाला भाजलं की ते त्यावर निळीचं पाणी लावायचे. ते चूक होतं, पण कार्बोलिक आमच्याकडे फक्त लाल साबणाच्या वडीत होतं.

गेल्या वर्षी पुतण्याकडे इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला दोन महिने होतो. हे एकेकाळचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या मॅनिंगहॅम भागात एक अवाढव्य गिरणी आहे, सुमारे अडीचशे फुटांच्या चौकोनी धुराड्याची, सॅम्युअल लिस्टरची. रेशीम काढून झाल्यावर उरणारा जो चोथा लोक फेकून देत, त्यापासून धागा काढायची युक्ती त्याने वर्षानुवर्षं पैसा जाळून साधली. पुढे तो लॉर्ड झाला. १८९० च्या डिसेंबरात त्याने मजुरी कापली तेव्हा हजारो कामगार, त्यांत बायाच जास्त, ऐन थंडीत चार महिने संपावर बसले आणि हरले. त्या हरण्यातून दोन वर्षांनी याच गावात स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. आता त्या गिरणीत राहण्याचे फ्लॅट आहेत. मी फाटकाशी उभा राहून रेशमाचा वास येतो का ते पाहिलं. कुणीतरी कांदा परतत होतं.

गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर लिस्टर पार्क. मुळात लिस्टरच्या मालकीची जागा. मधोमध कार्टराइट हॉल म्हणून कलादालन आहे, यंत्रमागाचा जनक एडमंड कार्टराइट याच्या नावाचं. कार्टराइट म्हणजे गाडे बनवणारा सुतार. हा स्वतः पाद्री होता, त्याने बनवला माग, आणि त्याच्या नावाने इमारत बांधायला पैसे दिले रंगारी आडनावाच्या गिरणीमालकाने. त्या इमारतीसमोर २००१ साली केलेली मुघल बाग आहे. सरळ रेषेत कालवे, कारंजी, चौकोनी वाफे. बाकांवर मिरपूरकडच्या पंजाबी बोलणाऱ्या म्हाताऱ्या, पोरं कारंज्यात हात घालतायत. बाग म्हटल्यावर आणि पंजाबी कानावर पडल्यावर मला जे आठवायचं ते आठवलंच. मी थोडा वेळ उभाच राहिलो. मग एका आजींनी सरकून बाकावर जागा करून दिली.

फाटकावरच्या 'लिस्टर पार्क' या पाटीचा फोटो काढून मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली बरंच लिहिलं. लिस्टर म्हणजेही रंगारी, डेक्स्टर म्हणजे रंगारीण, एक रंगारी रयतेचा राजा झाला होता, एका रंगाऱ्याच्या वंशजाने शस्त्रक्रिया सुरक्षित केली, आणि हे इथलं सगळं उद्यान एका रंगाऱ्याचं. टाइप करायला वीस मिनिटं गेली. बोटं गारठली होती.

येवल्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. आधी दोन अंगठे आले. मग एका फुलाच्या चित्रासह शुभ रात्री. मग तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्याचा संदेश: "वा जनरल, छान माहिती. येताना ओल्ड मंक आणू नको, ती इथे मिळते."